फॅमिली एसयूव्हीतला दोष सिद्ध कसा करायचा: पहिल्या पिवळ्या दिव्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

गाडीच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची कहाणी एकसारखी असते. पंधरा-वीस लाखांची सात आसनी गाडी, घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं तिच्यात बसणार. गाडी चारदा वर्कशॉपला जाऊन आलेली. मोबाइलमध्ये ढीगभर व्हिडिओ, सर्व्हिस ॲडव्हायझरशी झालेलं लांबलचक व्हॉट्सॲप संभाषण. आणि जॉबकार्डं, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार लिहितं ते कागद, काढून बघितली की चारहींवर एकच ओळ: ‘जनरल चेकअप, ओके’.

म्हणजे कागदोपत्री या गाडीला कधीच काही झालेलं नाही. पुढे कंपनीला लिहा, सरकारी पोर्टलवर नोंदवा नाहीतर ग्राहक आयोगात जा, पहिला प्रश्न हाच येतो की तक्रार पहिल्यांदा कधी नोंदवली आणि त्या कागदावर काय लिहिलंय. दोष खरा असूनही माणसं इथेच हरतात, कारण क्रम चुकतो. दुरुस्ती आधी होते आणि नोंद मागाहून, नाहीतर होतच नाही. म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे.

## पायरी १: गाडी चालवायची की जागेवर थांबवायची, हे आधी ठरवा

तक्रारीचा विचार नंतर. खाली दिलेल्यापैकी एक जरी लक्षण दिसलं तरी गाडी स्वतः चालवत वर्कशॉपला नेऊ नका, टोइंग मागवा. वॉरंटीच्या काळात बहुतेक कंपन्यांची रोडसाइड असिस्टन्स असते. तिचा नंबर विंडशील्डवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर मिळतो.

- ब्रेकचा पॅडल नेहमीपेक्षा खोल जातोय, दगडासारखा कडक झालाय किंवा ब्रेकचा लाल दिवा लागलाय
- स्टिअरिंग अचानक जड होतंय किंवा गाडी एका बाजूला ओढतेय
- पेट्रोल-डिझेलचा किंवा वायर जळल्याचा वास येतोय
- चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतंय किंवा सगळा डिस्प्ले एकदम विझतोय
- ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागलाय किंवा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलाय

एअरबॅगचा दिवा कायम लागलेला असेल तर गाडी चालते, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. पण तो दिवा म्हणजे अपघातात एअरबॅग उघडेलच असं नाही, याची गाडीने दिलेली सूचना असते. या अवस्थेत कुटुंबाला घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नका.

> इशारा: ‘टो करण्यासारखं काही नाही, हळूहळू घेऊन या’ असं फोनवर सांगितलं, तर तेच मेसेजवर लिहून मागा. टोइंगची पावती हा पुढे कामाला येणारा पहिला पुरावा आहे, कारण तिच्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण असतं.

## पायरी २: आपल्या बाजूच्या गोष्टी आधी तपासून घ्या

ही पायरी लोकांना आवडत नाही, पण वगळलीत तर पहिल्याच भेटीत तक्रार मोडून पडते. वर्कशॉप आधी तुमच्या वापराकडेच बोट दाखवणार. म्हणून ते बोट कुठे वळू शकतं, हे त्यांच्या आधी तुम्ही बघा.

बाहेरून लावलेल्या वस्तू. जादा लाइट, मोठा हॉर्न, कॅमेरा, ॲम्प्लिफायर. यांतल्या एकाही कामासाठी मूळ वायर कापून जोड दिला असेल, तर इलेक्ट्रिकल तक्रारीची वॉरंटी नाकारायला आयतं निमित्त मिळतं. पुढचा क्रॅश गार्ड काढून टाका. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. धडकेचा जोर गाडीच्या सांगाड्यात कसा पसरतो यावर एअरबॅगचं गणित बसवलेलं असतं आणि गार्डमुळे ते बिघडू शकतं.

सीट कव्हर. साइड एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतून उघडते. बाजारातलं जाड, चहूबाजूंनी शिवलेलं कव्हर तिला अडवतं. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी असेल आणि ती तुमच्या कव्हरखाली झाकली गेली असेल, तर कव्हर आजच काढा.

सीटखालची जागा. पाण्याच्या बाटल्या, छत्री, चपला आपण पुढच्या सीटखाली सरकवतो. तिथे एअरबॅग आणि सीटबेल्टचे, बहुधा पिवळ्या रंगाचे, कनेक्टर असतात. धक्क्याने ते सैल झाले की एअरबॅगचा दिवा लागतो. सामान काढा, पण कनेक्टरला स्वतः हात लावू नका.

उंदीर. पावसाळ्यात आणि सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे हमखास होतं. बॉनेट उघडून लेंड्या, कागदाचे तुकडे, कुरतडलेलं इन्सुलेशन दिसतंय का बघा. नसेल तर स्वच्छ इंजिन बेचा तारखेसह फोटो काढून ठेवा. ‘उंदराने वायर कुरतडली’ हे उत्तर आलं तर तो फोटो उपयोगी पडतो.

टायर. टायरच्या कडेवर छापलेल्या डॉट (DOT) कोडच्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘३२२१’ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. गाडी ओढत असेल तर हवा आणि व्हील अलाइनमेंट आधी तपासा आणि अलाइनमेंटची छापील पट्टी जपून ठेवा. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्यांच्या उत्पादकाची असते, गाडीच्या कंपनीची नाही.

काही गोष्टी दोष वाटतात, पण त्या यंत्राच्या स्वभावातल्या असतात. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाडी घाटातल्या ट्रॅफिकमध्ये पॅडलवर हलके-हलके पुढे सरकवत राहिलात तर क्लच तापून इशारा येतो. बीएस-६ डिझेल गाडी रोज तीन-चार किलोमीटरच चालत असेल तर एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि दिवा लागतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगाने हायवेवर सलग चालवली की तो बहुधा जातो. ॲडास, म्हणजे कॅमेरा-सेन्सरने रस्ता बघून आपोआप ब्रेक वगैरे मारणारी यंत्रणा, असलेल्या गाडीचा कॅमेरा चिखलाने किंवा धो-धो पावसाने झाकला गेला की यंत्रणा स्वतःच बंद होते. पण रस्ता मोकळा, काच स्वच्छ आणि ऊन लख्ख असताना गाडी आपोआप करकचून ब्रेक मारत असेल, तर ती तक्रार आहे आणि गंभीर तक्रार आहे.

> तपासा: मॅन्युअलमधला त्या इशाऱ्याचा परिच्छेद शोधून वाचला का? त्यात ‘तात्काळ अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ असं असेल तर पानाचा फोटो काढा. कंपनीच्या स्वतःच्या शब्दांवर कंपनीला सहज वाद घालता येत नाही.

## पायरी ३: नोंद ठेवा, आणि ठरावीक पद्धतीनेच ठेवा

‘गाडी कधीकधी पिकअप घेत नाही’ ही तक्रार कुणालाच सोडवता येत नाही. प्रत्येक वेळी पुढच्या गोष्टी त्याच दिवशी वहीत लिहा:

तारीख आणि वेळ, ओडोमीटरवरचे किलोमीटर, ठिकाण, चढ की सपाट, वेग, कोणता गिअर किंवा मोड, गाडीत किती माणसं, एसी चालू की बंद, इंजिन थंड होतं की तासभर चाललेलं, पाऊस होता का, टाकीत किती इंधन होतं आणि ते कुठल्या पंपावर भरलं होतं, कोणता दिवा लागला, काय केल्यावर गेला.

ही यादी लांब वाटेल, पण तीन-चार नोंदी झाल्या की एक सूत्र दिसू लागतं. माझ्या गाडीचंच सांगतो. जुलैतला रविवार, आम्ही सात जण ताम्हिणी घाटातून चाललो होतो. चढावर पिवळा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी तिशीच्या वर जाईना. मागे एसटी, उजवीकडे दरी. कशीबशी बाजूला घेतली, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं, तर दिवा गायब. पुढे तीनदा असंच झालं, तेव्हा वहीत दिसलं की चारही वेळा गाडी भरलेली, एसी चालू आणि इंजिन तासाभराहून जास्त चाललेलं. शहरात एकट्याने टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्या मेकॅनिकला ते कधीच दिसणार नव्हतं.

व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढावा, चालकाने नाही. एका सलग चित्रणात ओडोमीटर, इशाऱ्याचा दिवा, वेग आणि बाहेरचा रस्ता आला पाहिजे. मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या व्हिडिओची तारीख आणि ठिकाण ही माहिती बहुधा निघून जाते.

शक्य असेल तर दिवा लागलेला असतानाच, वर्कशॉपला नेण्याआधी, ओबीडी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या छोट्या यंत्राने, कोड वाचून घ्या. ते जोडायचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली डाव्या किंवा उजव्या हाताला असतो. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमान. तिचा फोटो घ्या.

> इशारा: कोड फक्त वाचायचा, पुसायचा नाही. ‘क्लिअर’ हे बटण दाबू नका. बॅटरीचं टर्मिनल काढूनही बऱ्याच गाड्यांत ही नोंद जाते.

पाणी शिरत असेल तर नोंदीची पद्धत थोडी वेगळी. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्या पानांनी, धुळीने तुंबल्या की छताच्या दिव्याजवळून किंवा पुढच्या खांबाच्या अस्तरातून पाणी उतरतं. गाडी सुकली की लोक विसरतात. पण ते पाणी कार्पेटखाली जातं, आणि तिथूनच वायरिंगचे जुडगे जातात. दोन महिन्यांनी दरवाजाचं लॉक किंवा डिस्प्ले वेडंवाकडं वागायला लागलं, तर ती वेगळी तक्रार नसून जुन्याच पाण्याची असू शकते. म्हणून कार्पेट उचलून खालच्या फोमचा फोटो घ्या. वर हात लावून कोरडं वाटणारं कार्पेट खाली निथळत असतं.

## पायरी ४: चॅसिस नंबरवरून रिकॉल तपासा

रिकॉल म्हणजे दोष मान्य करून कंपनीने गाड्या तपासणी-दुरुस्तीला परत बोलावणं. वर्कशॉपला जाण्याआधीच हे करा, कारण दोष आधीच मान्य झालेला असेल तर बाकीची लढाई लढावी लागत नाही.

आरसीवरचा चॅसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणून ‘ओ’ वाटेल तिथे शून्य टाका. कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या पानावर हा नंबर टाकून बघा. वाहन उत्पादकांची संघटना सियाम २०१२ पासून ऐच्छिक रिकॉलची यादी ठेवते, तीही पाहा.

कशासाठी रिकॉल होतात याची कल्पना यावी म्हणून काही उदाहरणं. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या इंजिन बेमधलं वायरिंग घासून कापलं जाण्याच्या शक्यतेमुळे तपासणीला बोलावल्या. किआने ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,१७४ कॅरेन्स गाड्या एअरबॅग नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईच्या ७,६९८ क्रेटा आणि व्हर्ना, तर किआच्या ४,३५८ सेल्टॉस ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंप कंट्रोलरसाठी बोलावल्या गेल्या. यांत एकही गोष्ट बाहेरून बघून कळणारी नाही.

रिकॉलचं काम मोफत असतं. जुनी गाडी घेतलेल्यांनी तर हे आवर्जून तपासावं, कारण कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं.

> तपासा: ‘रिकॉल नाही’ असं उत्तर आलं तर स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघा. नंतर जाहीर झालेल्या रिकॉलमध्ये तुमची गाडी आली, तर तुमचं आधीचं जॉबकार्ड सोन्याच्या मोलाचं ठरतं.

## पायरी ५: जॉबकार्ड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

गाडी पिकअप ड्रायव्हरच्या हाती देऊ नका. स्वतः जा, गर्दीचा शनिवार टाळा. ॲडव्हायझर टॅबवर ठरावीक पर्याय निवडत जातो आणि त्यात तुमची तक्रार ‘वॉर्निंग लाइट चेक’ होऊन जाते. तुमचं वाक्य आधीच कागदावर लिहून न्या आणि जसंच्या तसं नोंदवायला सांगा. वाक्य असं असावं:

‘सात प्रवासी, एसी चालू, तासभर चालल्यानंतर चढावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि वेग ३० च्या वर जात नाही. ११,२४०, ११,९०५ आणि १२,३८० किलोमीटरला घडलं. जीव धोक्यात येतो.’

यात निदान नाही, फक्त लक्षण आहे. ‘टर्बो खराब आहे’, ‘सेन्सर गेलाय’ असं कधीही लिहू नका. तुम्ही सांगितलेला भाग ते तपासतील, तो ठीक निघेल आणि तक्रार तिथेच मिटेल. निदान करणं हे त्यांचं काम आहे.

पुढच्या भेटीत तीच तक्रार त्याच शब्दांत लिहायची. एकदा ‘पिकअप नाही’, एकदा ‘जर्क मारते’, एकदा ‘दिवा लागतो’ असं लिहिलं की कागदावर तीन वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी दिसतात आणि ‘तोच दोष पुन्हा आला’ हे सिद्ध होत नाही. शेवटी ‘यापूर्वी अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या जॉबकार्डवर नोंद’ ही ओळ घाला.

माझी पहिली चूक इथेच झाली. गाडी आत घेतली, मी काचेपलीकडून बघत होतो. तंत्रज्ञाने दहाचा पाना घेतला, बॅटरीची निगेटिव्ह केबल सैल करून बाजूला केली आणि म्हणाला, ‘साहेब, पाच मिनिटं थांबा, सिस्टीम रिसेट होईल.’ दिवा गेला. मीही खूश. जॉबकार्डवर लिहिलं गेलं, ‘तपासले, बिघाड आढळला नाही.’ घाटातल्या त्या दहा मिनिटांची गाडीच्या मेंदूत असलेली एकमेव नोंद माझ्या डोळ्यांदेखत पुसली गेली आणि मी आभार मानून घरी आलो.

म्हणून जॉबकार्डवर सही करण्याआधी ही दोन वाक्यं लिहून घ्या: ‘कोड पुसण्यापूर्वी स्कॅन रिपोर्टची प्रत द्यावी’ आणि ‘टेस्ट ड्राइव्ह मालकासोबत, तक्रारीत सांगितलेल्या परिस्थितीत घ्यावी’. ॲडव्हायझर लिहायला तयार नसेल तर भांडू नका. तिथेच उभं राहून वर्कशॉपच्या अधिकृत ईमेलवर तुमचं वाक्य, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि वेळ टाकून पाठवा. व्हॉट्सॲपवर भरवसा ठेवू नका. ॲडव्हायझर नोकरी बदलतो आणि त्याच्याबरोबर फोनही जातो.

> इशारा: कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या जॉबकार्डवर सही नको. मालकाची प्रत घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

## पायरी ६: गाडी परत घेताना

आणखी पाच मिनिटं द्या. बिलावर प्रत्येक बदललेला भाग नावासकट आणि पार्ट नंबरसकट आहे का बघा. वॉरंटीत शून्य रुपयांचं काम झालं तरी बिल मागा. ‘फुकटच झालं, बिल कशाला’ म्हणून लोक सोडून देतात आणि वर्षभरात तोच भाग तीनदा बदलल्याचा पुरावा नाहीसा होतो. सॉफ्टवेअर अपडेट केलं असेल तर आधीची आणि नंतरची आवृत्ती लिहून घ्या.

समाधानपत्रावर सही मागतील. गाडी चालवून बघितल्याशिवाय ‘पूर्ण समाधानी’ लिहू नका. ‘गाडी ताब्यात घेतली, दोष दूर झाला की नाही हे वापरानंतर कळवेन’ असं लिहून सही करा. दोन दिवसांनी फीडबॅकचा फोन येतो आणि ‘दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा पगार कापतात’ अशी विनवणी होते. त्या मुलाची अडचण खरी असते. त्याच्याशी नीट बोला, पण दोष गेला नसेल तर तसंच सांगा, कारण ते उत्तर कंपनीकडे नोंदलं जातं.

## पायरी ७: कंपनीकडे लेखी तक्रार

एकच दोष दुसऱ्यांदा आला की लगेच, आणि सुरक्षेचा असेल तर पहिल्यांदाच, थेट कंपनीला ईमेल करा. डीलर आणि कंपनी कायद्याने वेगळ्या असतात. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या खटल्यात, जुनी गाडी नवी म्हणून विकल्याच्या तक्रारीवर, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच सांगितलं: डीलरने केलेल्या गोष्टीबद्दल कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही, तिचा संबंध दाखवावा लागतो. कंपनीला काही माहीतच नव्हतं असं पुढे म्हणता येऊ नये, यासाठी हा ईमेल.

ईमेल एका पानाचा ठेवा. चॅसिस नंबर, खरेदीची तारीख, आजचे किलोमीटर, जॉबकार्डांची तारीखवार यादी, दोषाचं तेच वाक्य, नेमकी मागणी आणि १५ दिवसांची मुदत. राग, मानसिक त्रास, समाजमाध्यमांवर टाकण्याची धमकी यातलं काही नको. तक्रार क्रमांक मिळाला की फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.

कंपनी थोडी सवलत, मोफत सर्व्हिस किंवा वाढीव वॉरंटी देऊ करते. घ्यायला हरकत नाही, पण सोबतच्या कागदात ‘यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही’ ही ओळ आहे का, ते आधी वाचा.

## पायरी ८: सरकारी पोर्टल आणि १९१५

दोन दरवाजे आहेत, दोन्ही वेगळ्या कामाचे. लोक यांची गल्लत करतात.

व्हेइकल रिकॉल पोर्टल. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. त्यानुसार ठरावीक संख्येने मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली की सरकार चौकशी करून कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. ही व्यवस्था १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सात वर्षांच्या आतल्या वाहनांसाठी आहे आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पोर्टल परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ यंत्रणेवर आहे. इथे तक्रार केल्याने तुमची गाडी दुरुस्त होऊन मिळणार नाही. पण किती तक्रारी हव्यात हे वर्षाच्या विक्रीवर ठरतं, त्यामुळे प्रत्येक नोंद मोजली जाते. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, आग अशा दोषांसाठी ही नोंद जरूर करा. सीटचा आवाज किंवा रंगाच्या तक्रारीसाठी नको.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ही तुमची तक्रार कंपनीच्या वरिष्ठ पातळीवर पोचवते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण बऱ्याच कंपन्या इथून आलेल्या तक्रारीला लवकर उत्तर देतात. मुंबईत आणि ठाण्यात असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीकडून मार्गदर्शन घ्या.

## अपघात झाला आणि एअरबॅग उघडली नाही, तर क्रम वेगळा

माणसांना दवाखान्यात नेणं आधी. त्यानंतर गाडी उघडू देऊ नका. विम्याचा सर्व्हेअर येण्याआधी वर्कशॉपने बंपर, डॅशबोर्ड उतरवला तर पुरावा संपला. पोलिस पंचनाम्याची प्रत घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, सीटबेल्टवरच्या ओरखड्यांचेही काढा. बेल्ट लावला होता हे त्यांवरून दिसतं. कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा: ‘आमच्या लेखी संमतीशिवाय आणि उपस्थितीशिवाय एअरबॅग कंट्रोल युनिट काढू नये, त्यातली माहिती आमच्यासमोर वाचावी.’

प्रत्येक धडकेत एअरबॅग उघडत नाही हे खरं आहे. मागून धडक बसली किंवा वेग कमी असेल तर पुढच्या एअरबॅग उघडण्याचं कारण नसतं. पण ‘पुरेसा जोर नव्हता’ एवढ्या एका वाक्यावर गप्प बसू नका. ऑगस्ट २०१५ मध्ये घेतलेल्या एका क्रेटाचा नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. दिल्लीच्या राज्य आयोगाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. वेग आणि जोराची सूत्रं मांडून धडकेचा हिशेब करायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने म्हटलं.

## पायरी ९: ग्राहक आयोग

पंधरा दिवसांची मुदत संपली, उत्तर नाही किंवा टोलवाटोलवी चालू आहे, तर वकिलामार्फत किंवा स्वतः नोटीस पाठवा आणि तयारीला लागा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची असते. ‘कंपनी बघतो म्हणतेय’ म्हणत लोक हीच मुदत घालवतात.

गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. गाडी पुण्यात घेतली आणि आता रत्नागिरीत राहता, तर रत्नागिरीत. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येतं.

मागणी लिहिताना एक चूक फार होते. लोक फक्त ‘गाडी बदलून द्या’ एवढंच मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्लचच्या दोषाच्या एका खटल्यात सांगितलंय की एखादा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याची गरज नाही. म्हणून मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: गाडी बदलून द्यावी, ते नाही तर किंमत व्याजासह परत करावी, तेही नाही तर दोष दूर करून वाढीव वॉरंटी आणि भरपाई द्यावी. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा.

चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो आणि त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. हा अर्ज सुरुवातीलाच करा. तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून फेटाळलेल्या तक्रारी खूप आहेत. गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा भाड्याने चालत असेल तर ‘ग्राहक’ या व्याख्येत बसता का, हे दाखल करण्याआधी वकिलाला विचारा.

> तपासा: फाइलमध्ये याच क्रमाने लावा. खरेदीचं बिल, आरसी, विमा, वॉरंटी पुस्तिका, नोंदवहीची पानं, स्कॅन रिपोर्ट, सगळी जॉबकार्डं आणि बिलं तारखेनुसार, टोइंगच्या पावत्या, ईमेल, हेल्पलाइनचा आणि पोर्टलचा तक्रार क्रमांक, नोटीस आणि पोचपावती. व्हिडिओ पेनड्राइव्हवर, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र.

निकाल लागेपर्यंत गाडी विकायची वेळ आली तर आधी आयोगाला कळवा. विकून टाकलेल्या गाडीची तपासणी होत नाही, आणि तुम्ही अजून ग्राहक आहात का हा वाद नव्याने उभा राहतो. आणि विकलीत तर या फाइलची एक प्रत नव्या मालकाच्या हातात द्या. त्या गाडीत उद्या त्याची मुलं बसणार आहेत.